समोरच्याच्या हातातील पाने

स्पॅनिश भाषेत ‘लास वेगास’ म्हणजे कुरणे. ज्या गावाच्या चहूबाजूंस वाळू, काळपट डोंगर आणि काटेरी झुडपे यांवाचून काही दिसत नाही, त्या गावास कुरणांचे नाव कोणी व का दिले असावे, हा प्रश्न तेथे जाणाऱ्यास पडल्यावाचून राहत नाही. उत्तर साधे आहे. येथे एके काळी जमिनीतून गोड्या पाण्याचे झरे वाहत. त्यांच्या काठी गवत उगवे. मोहावी वाळवंट ओलांडणारे व्यापाऱ्यांचे तांडे येथे थांबून जनावरांस पाणी दाखवीत. पुढे गाव वाढले, विहिरी खोल गेल्या, आणि १९६२ च्या सुमारास झरे पृष्ठभागावर येईनासे झाले. नाव मात्र राहिले.

गावाचा जन्मही मोठा गमतीचा. १५ मे १९०५ रोजी आगगाडीच्या कंपनीने रुळांलगतची जमीन तुकडे पाडून लिलावात विकली, आणि भर उन्हात बोली लावणाऱ्यांनी तंबू ठोकले. १९३१ साली नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर ठरविला. त्याच वर्षी तेथून थोड्याच अंतरावर कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. हजारो मजूर आले. सरकारने त्यांच्यासाठी बोल्डर सिटी नावाचे नमुनेदार गाव वसविले व तेथे जुगारास बंदी घातली. ती बंदी आजही आहे. मजूर काय करणार? पगार झाला की गाडीत बसून लास वेगासच्या फ्रीमाँट रस्त्यावर येत. एका गावाच्या शिस्तीवर दुसऱ्या गावाची चैन पोसली गेली, ती अशी.

अमेरिकेची प्रवासवर्णने आपल्या मासिकाच्या वाचकांस नवी नाहीत. नायगारा आणि न्यूयॉर्क यांविषयी आमच्याहून सरस लेखण्यांनी लिहिले आहे. म्हणून ज्या गावाचे नाव निघताच चारचौघांत घसा खाकरला जातो, त्या गावाविषयी, आणि त्यातही तेथील एका खेळाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाने पत्त्यांवर लिहावे काय, अशी शंका कोणास आल्यास त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

२०२४ च्या मे महिन्यात, शाळेस सुट्टी लागल्यावर आणि परदेशगमनाची शासकीय परवानगी एकदाची हाती पडल्यावर, आम्ही उभयता लॉस एंजेलिसच्या एका उपनगरात भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या घरी दर शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरातील टेबलाभोवती पोकरचा डाव बसे. पैसे नसत; वाटीभर राजमा प्रत्येकापुढे ठेवला जाई, आणि एकेक दाणा हेच नाणे. भाच्याची दोन मित्रमंडळी नवखी, आम्ही नवखे, आमच्या सौ. तर पत्ते हातात घेणाऱ्याच नव्हेत. म्हणजे चौघे विद्यार्थी. गुरू होते शेजारचे एक निवृत्त गृहस्थ. चाळीस वर्षे त्यांनी सरकारी शाळेत गणित शिकविलेले. आमचा व्यवसाय कळताच त्यांनी आम्हांस ‘हेडमास्टर’ अशी हाक मारावयास सुरुवात केली व दोन दिवसांत गट्टी जमली.

ज्यांनी दिवाळीच्या पाडव्यास तीनपत्ती पाहिली आहे त्यांस पोकर समजावयास वेळ लागणार नाही. प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पाने उघडी मांडली जातात. ती सर्वांची सामाईक. आपली दोन व मधली पाच मिळून सातांतून ज्याची उत्तम पाच बनतील तो जिंकला. एका जोडीपेक्षा दोन जोड्या वरचढ, त्याहून तिर्रट, त्याहून क्रमाने येणारी पाच पाने, त्याहून एकाच चिन्हाची पाच पाने म्हणजे फ्लश, अशी चढती भाजणी असते. प्रत्येक टप्प्यावर बोली. बोलीला जोड द्यावी, ती वाढवावी, किंवा पाने टाकून मोकळे व्हावे.

नियम अर्ध्या तासात कळले. भय निघण्यास तीन आठवडे लागले.

या भयाचे स्वरूप विलक्षण आहे. हातात राणीची जोडी असते. ती उत्तम, हे ठाऊक असते. इतक्यात समोरचा पाच दाणे पुढे सरकवितो. त्याच क्षणी त्याच्या हातात राजाची जोडी दिसू लागते. मधल्या पानांत दोन इस्पिके आली की तो इस्पिकांचा फ्लश जुळवीत आहे, आणि सत्ती-अठ्ठी आली की तो नव्वी-दश्शी घेऊन बसला आहे, याविषयी नवख्याच्या मनात संदेह उरत नाही. स्वतःची पाने डोळ्यांपुढे असूनही दिसत नाहीत. जी पाने दिसत नाहीत ती मात्र लख्ख दिसतात. आम्हां चौघांचीही हीच अवस्था होती. डावागणिक पाने टाकली जात, आणि प्रत्येक फेरीत सक्तीने लावावे लागणारे एक-दोन दाणे देता देता वाट्या रिकाम्या होत. हरलो असे कोणास म्हणता येत नसे, कारण कोणी लढलेच नव्हते. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण ज्याने रचली त्याने कोठेतरी पत्ते खेळले असले पाहिजेत.

गुरुजींनी धीर वगैरे काही दिला नाही. त्यांनी खडू मागितला. खडू नव्हता, म्हणून नातवंडांची पाटीवजा फळी आणविली. म्हणाले, “भय वाटले तर वाटू द्या. पण कशाचे, ते मोठ्याने सांगा. मग ते मोजू.”

आम्ही सांगितले : मध्ये पाच पाने उघडी आहेत, त्यांत तीन इस्पिके; आमच्या हातात एकही इस्पिक नाही; समोरच्याकडे फ्लश असणार.

त्यांनी मांडले : तुम्हांला सात पाने दिसतात. बावन्नांतून सात गेली, उरली पंचेचाळीस. त्यांत इस्पिके दहा. पंचेचाळीस पानांतून दोनदोनच्या जोड्या पाडल्या तर नऊशे नव्वद होतात. दहा इस्पिकांतून दोनदोनच्या जोड्या होतात पंचेचाळीस. नऊशे नव्वदास पंचेचाळिसांनी भागा. बावीस. म्हणजे समोरच्यास पाने आंधळेपणाने वाटली गेली असतील, तर बावीस वेळांत एकदा त्याच्याकडे फ्लश असेल. “तुमच्या मनात तो बावीस वेळांत बावीसदा होता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राजाच्या जोडीचा हिशेब झाला. नऊ जणांच्या टेबलावर आपल्याकडे राजाची जोडी असताना उरलेल्या आठांपैकी कोणाकडे तरी एक्क्याची जोडी असण्याचा योग साधारण पंचविसांत एकदा. पाच पानांचे एकूण हात किती प्रकारचे संभवतात? २५,९८,९६०. त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक हातांत साधी एक जोडीसुद्धा नसते. ज्या सर्वश्रेष्ठ हाताची नवखा रात्रंदिवस धास्ती घेतो, तो एकाच चिन्हाच्या दश्शी ते एक्क्याचा हात या सव्वीस लाखांत अवघ्या चार प्रकारे येतो.

हे ऐकताना आम्हांस नलोपाख्यानाची आठवण झाली, व ती कथा आम्ही गुरुजींस मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. नल फाशांच्या खेळात राज्य हरला, दमयंतीस वनात सोडून गेला आणि अखेर ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाकडे रथ धावत असता ऋतुपर्णाने वाटेतील बेहड्याच्या झाडाची पाने व फळे किती, ते नुसत्या नजरेने सांगितले. नलाने रथ थांबवून, झाड पाडून ती मोजली. संख्या बरोबर निघाली. मग ऋतुपर्णाकडून तो ती विद्या, अक्षहृदय, शिकला, आणि त्याच क्षणी त्याच्या देहात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडला. ज्या कलीस तपाने वा शोकाने बाहेर काढता आले नाही, तो गणिताने निघाला. लहानपणापासून ही कथा आम्ही वाचीत व शिकवीत आलो. त्या स्वयंपाकघरात तिचा एक अर्थ प्रथम उमगला. गुरुजी बराच वेळ स्तब्ध बसले व मग म्हणाले, “हा राजा माझ्या वर्गात हवा होता.”

मोजणीनंतर त्यांनी दुसरा धडा दिला, तो किमतीचा. मध्ये तीस दाणे जमले आहेत. समोरचा दहा लावतो. म्हणजे चाळीस झाले. ते मिळविण्यासाठी आपणांस दहा घालावयाचे. पाच वेळा असे केले, चारदा हरलो आणि एकदा जिंकलो, तर चारदा दहादहा गेले आणि एकदा चाळीस आले; हिशेब बरोबरीत. म्हणजे येथे पाय रोवण्यासाठी आपलीच पाने वरचढ असल्याची खात्री लागत नाही. पाचांत एकदाहून अधिक वेळा ती वरचढ ठरतील एवढा अंदाज पुरतो. आयुष्यभर ‘खात्री झाल्यावाचून पाऊल टाकू नये’ असे मुलांना सांगत आलेल्या मास्तरास हे ऐकून थोडे अस्वस्थ वाटले, हे खरे.

तिसरा धडा कान देण्याचा. समोरचा काही पाने आंधळेपणाने लावीत नाही. त्याच्या बोलीत एक कथा असते. आरंभापासून शेवटपर्यंत ती कथा एकमेकांशी जुळते की नाही, ते पाहावे. तासभर गप्प बसलेल्या माणसाने एकाएकी बोली वाढविली तर बावीस हा आकडा विसरावा आणि पाने निमूटपणे ठेवावी. पाने टाकणे हा भित्रेपणा नव्हे. कारण सांगता येत नसताना टाकणे हा भित्रेपणा. हा भेद कळला, आणि आम्ही लास वेगासला जावयास निघालो.

लॉस एंजेलिसहून ते सुमारे ४३५ किलोमीटर. अर्ध्याहून अधिक वाट मोहावी वाळवंटातून जाते. बारस्टो मागे पडले की हिरवा रंग संपतो. दोन्ही बाजूंस जोशुआ वृक्ष दिसू लागतात. त्यांच्या फांद्या अशा, की पोलिसांनी दटावलेली माणसे हात वर करून उभी असावीत. बेकर नावाच्या चिमुकल्या वस्तीत रस्त्याकडेला १३४ फूट उंचीचे एक तापमापक उभे केले आहे. जवळच्या मृत्युदरीत १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट उष्णता नोंदली गेली, तिचे हे स्मारक. माळव्याच्या उन्हाळ्याची तक्रार त्या खांबाखाली उभे राहून करवेना. मग डोंगराची एक धार ओलांडली, आणि खाली खोऱ्यात काचा विखुराव्या तसे ते शहर चमकले.

शहराचे दोन भाग आहेत. प्रवासी ज्यास ‘स्ट्रिप’ म्हणतात तो नवा भाग राजवाड्यांसारख्या हॉटेलांचा. आम्हांस ओढ होती जुन्या फ्रीमाँट रस्त्याची. तेथे पहिल्याच क्रमांकाची वास्तू १९०६ सालची. १९५१ साली उभारलेला चाळीस फुटी निऑन दिव्यांचा गुराखी अजून तोंडात सिगारेट धरून उभा आहे. १९९५ पासून रस्त्याच्या मोठ्या भागावर कमानदार छत आले असून रात्री त्यावर दिव्यांची चित्रे धावतात. दुपारी मात्र हा रस्ता मलूल दिसतो; अंधार पडला की त्यास जाग येते. आमच्या इंदुरात दिवसा सोन्याचांदीच्या दुकानांचा असलेला सराफा रात्री खवय्यांचा होतो, तसेच काहीसे. फरक इतकाच, की सराफ्यातून मनुष्य पोट भरून परततो, आणि येथून खिसा हलका करून.

याच रस्त्यावर बेनी बिनियन नावाच्या टेक्सासच्या जुगाऱ्याने १९५१ साली ‘हॉर्सशू’ हे जुगारघर काढले. १९७० साली त्याने देशातील नामांकित पोकरपटूंना बोलावून पहिली जागतिक स्पर्धा भरविली. त्या वर्षी विजेता मतदानाने ठरला. सांगतात, की सर्वांत श्रेष्ठ कोण असे विचारता प्रत्येकाने स्वतःचेच नाव लिहिले. मग दुसऱ्या क्रमांकाचा कोण असे विचारावे लागले, तेव्हा जॉनी मॉस निवडून आला. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या खोलीत भय नावाची वस्तू नव्हती असे म्हणावयास हरकत नाही. २००५ नंतर ती स्पर्धा या रस्त्यावरून गेली, आणि २०२२ पासून स्ट्रिपवरील हॉटेलांत भरते. जुन्या वास्तूवर ‘बिनियन्स’ हे नाव आहे.

त्या वास्तूत उभे राहून भाच्याने आम्हांस २००३ सालची हकीकत सांगितली. टेनेसी राज्यातील क्रिस मनीमेकर नावाचा सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस घरच्या संगणकावर ८६ डॉलर भरून एक चाचणी खेळला, आणि जिंकत जिंकत दहा हजार डॉलर प्रवेशमूल्याच्या मुख्य स्पर्धेत येऊन पोचला. स्पर्धक ८३९. शेवटी दोघे उरले : हा नवखा, आणि सॅम फार्हा नावाचे मुरलेले व्यावसायिक खेळाडू. एका डावात मध्ये इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी व बदाम तिर्री अशी पाच पाने होती. फार्हांकडे राणी व नव्वी, म्हणजे नव्वीची जोडी. मनीमेकरकडे इस्पिक राजा व बदाम सत्ती. फ्लश हुकला, क्रम हुकला, हातात साधी जोडीही नाही. त्याने आपल्या सर्व चकत्या पुढे ढकलल्या. फार्हा विचारात पडले. फ्लश हुकला असावा, हा अचूक तर्क त्यांनी बोलूनही दाखविला. आणि वरचढ पाने हातात असून ती त्यांनी टाकून दिली. मनीमेकर विजेता ठरला. पंचवीस लाख डॉलर मिळाले. पुढल्या वर्षी त्या स्पर्धेस २,५७६ जण आले.

ही कथा सांगणारे बहुतेक लोक त्या हिशेबनिसाच्या धाडसाची वाहवा करतात. आमचे मन फार्हांपाशी रेंगाळले. हयात खेळात घालविलेला मनुष्य, खरे काय ते ओळखलेले, तोंडाने उच्चारलेले, आणि तरीही हात पाने सोडून देतो. हे भय केवळ नवशिक्यांचे असते, आणि सरावाने ते कायमचे जाते, अशी जर आमची समजूत असेल तर ती तेथे विरघळली. ते जात नाही. दर वेळी नव्याने मोजावे लागते.

संध्याकाळी जवळच्याच एका जुगारघरात साठ डॉलर प्रवेशमूल्याची छोटी स्पर्धा होती. अशा स्पर्धेत एक सोय असते : प्रवेशाचे पैसे दिले की खेळण्यास चकत्या मिळतात, त्यांस बाहेर किंमत नसते, त्या संपल्या की उठावे. साठ डॉलरांहून एक पैसाही अधिक जाऊ शकत नाही. आम्ही घुटमळलो. तेव्हा सौ. म्हणाल्या, “अहो, नाटकाचे तिकीट काढले असे समजा. आणि मध्यंतरात परत आलात तरी मी विचारणार नाही.” गमावण्याची रक्कम आधीच गेली असे मानणे हे या खेळातील पहिले शहाणपण, असे गुरुजींनीही सांगितले होते. ज्या रकमेने रात्रीची झोप जाईल ती घेऊन बसणाऱ्यास दुसऱ्याच्या हातात नेहमी एक्केच दिसणार.

अडतीस जण जमले होते. आमच्या टेबलावर ट्रकचालक होते, एक परिचारिका होती, आणि विणकामाची पिशवी मांडीवर ठेवून बसलेल्या एक आजीबाई होत्या. तासाभराने आमच्या हातात बदाम राणी व चौकट राणी आली. मध्ये पाच पाने उघडली, त्यांत तीन इस्पिके. सहाशेच्या चकत्या जमल्या होत्या. आजीबाईंनी दोनशे लावल्या. फळीवरचा तो हिशेब जणू कोणी टेबलावर मांडून ठेवला होता. काळीज धडधडत होतेच. मनात म्हटले, बावीस. मनात म्हटले, पाचांत एकदा. आजीबाईंनी यापूर्वी दोनदा नुसत्या एका जोडीवर अशीच बोली लावली होती, हेही आठवले. दोनशे पुढे सरकविल्या.

त्यांनी पाने उलटी केली. इस्पिक एक्का, इस्पिक पंजी. फ्लश.

वाचकांस वाटेल, संपले. गंमत अशी, की त्या क्षणी जे व्हावयास हवे होते ते काहीच झाले नाही. आकाश कोसळले नाही. ज्या पानांची तीन आठवडे धास्ती घेतली ती पाने समोर उघडी पडली होती, आणि आम्ही तेथेच बसलो होतो. बाविसांतील एक वेळ कधीतरी यावयाचीच होती, ती आली. आजीबाईंनी “छान जोड दिलीत” असे म्हणून आमच्या मनगटावर थोपटले आणि पुन्हा विणकाम हाती घेतले.

पुढे दोन डाव लक्षात राहिले. एकात आमच्याकडे दोन जोड्या होत्या, आणि तोवर एकदाही बोली न वाढविलेल्या एका अबोल गृहस्थाने ती तिप्पट केली. आम्ही कथा तपासली. ती आरंभापासून जुळत होती. पाने ठेवली. त्यांच्याकडे काय होते हे आम्हांस आजही ठाऊक नाही, आणि ते न कळताही त्या रात्री झोप उत्तम लागली. दुसऱ्यात काळा चष्मा लावलेल्या एका तरुणाने शेवटच्या पानावर आपले सर्वस्व पुढे ढकलले. हातात आमच्या गुलामाची जोडी. पण आधीच्या दोन टप्प्यांवर तो स्वस्थ बसला होता. वरचढ हात असता तर तेव्हा का गप्प राहिला? कथा मध्येच तुटत होती. आम्ही जोड दिली. त्याच्याकडे राजाखेरीज काही नव्हते. त्याने चष्मा काढून हसत हात पुढे केला. आम्ही चौदावे आलो. बक्षिसे पहिल्या पाचांस होती. साठ डॉलर गेले. नाटक चांगले झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांशी खेळतात हे खरे, तथापि प्रत्येक डावातून वा प्रवेशमूल्यातून जुगारघर आपला वाटा आधी काढून घेते. म्हणून टेबलावरील सर्वांची बेरीज केली तर ती तोट्याचीच येते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात जुगाऱ्याच्या दुर्दशेचे एक अख्खे सूक्त आहे, आणि सभापर्व कोणास सांगावयास नको. गणित शिकूनही ज्यास उठता येत नाही त्याचा कली आत तसाच असतो. आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो उगाच नव्हे. आमचे पोकर राजम्याचे होते, आणि परतल्यावर ते चिंचोक्यांवर आले आहे.

परंतु ते भय पत्त्यांपुरते नाही, आणि हे लिहिण्याचे खरे प्रयोजन तेच. आमच्या शाळेतील मुले आंतरशालेय स्पर्धांना जातात. दारातच दुसऱ्या शाळांची मुले दिसतात : कोट, गळपट्टा, बूट, फाडफाड इंग्रजी. एका वादविवाद स्पर्धेपूर्वी दहावीच्या एका मुलीने आमच्याजवळ येऊन विचारले होते, “सर, नाव मागे घेतले तर चालेल का?” तिचे भाषण उत्तम तयार होते. समोरच्यांचे तिने ऐकलेही नव्हते. तिने त्यांच्या हातातील पाने मनातच वाटून टाकली होती, आणि स्वतःस एकही चांगले पान ठेवले नव्हते. अशी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहेत. नोकरीच्या मुलाखतीस न गेलेली, शिष्यवृत्तीचा अर्ज न भरलेली, मुलीकडच्यांस घर पसंत पडणार नाही म्हणून न बोललेली. त्यांना कोणी हरविले असे कोठे नोंदलेले सापडणार नाही.

त्यांना ‘भिऊ नका’ म्हणून काही साधत नाही, हे आम्ही तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले आहे. दहावीच्या गणिताच्या पुस्तकात संभाव्यतेचे प्रकरण आहे, आणि त्यात बावन्न पत्त्यांची उदाहरणेही आहेत. आमचे गणिताचे शिक्षक ती पूर्वी तोंडी उरकत. गेल्या वर्षापासून त्या प्रकरणास आम्ही पत्त्यांचा एक कॅट शाळेच्या खर्चाने दिला आहे, आणि एक तास आम्ही स्वतः घेतो. मुलांना म्हणतो, कशाचे भय वाटते ते मोठ्याने सांगा. किती स्पर्धक? किती जागा? हरलात तर नेमके काय जाईल? एकेक आकडा फळ्यावर येतो. भय नाहीसे होते असे नाही, पण त्यास माप मिळते, आणि माप मिळालेली वस्तू उचलता येईल की नाही ते मुले आपले आपण ठरवितात. त्यांतील काही विचार करून नाव मागे घेतात. त्यांस कारण सांगता येते, म्हणून आम्ही आग्रह करीत नाही.

वादविवादास त्या मुलीचे नाव तसेच ठेवले होते. तिला तिसरा क्रमांक मिळाला. त्याहून आनंद तिच्या घरी परतल्यावरच्या एका वाक्याने झाला, जे तिच्या आईने आम्हांस सांगितले. ती म्हणाली होती, “त्या कोटवाल्या मुलीचेपण हात थरथरत होते.”